आडव्या अळ्या

शेजारच्या घराला कुलूप होतं, म्हणून डासांच्या अळ्या तपासत फिरणारी गुंजन त्या गुरुवारी पिपरी मेघेतल्या भूपेंद्रच्या दारात दहा मिनिटं लवकर पोचली. तो अंगणात ओले केस पुसत होता. दोघंही थबकले.

"कुलर बघायचा होता..."

"बघा ना मॅडम. टॉर्च मी धरतो."

टाकीत अळ्या निघाल्या. तिनं पाणी ओतलं, दारावर खडूनं तारीख लिहिली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा अळ्या.

"उजेड वाटीत पाडा. माझ्या तोंडावर काऊन?"

"हात हलते मॅडम..."

हसण्याच्या नादात तिनं अळ्या नीट न पाहताच ओतल्या.

तिसऱ्या गुरुवारी मात्र ती हसली नाही. साहेबांनी बजावलं होतं – एका घरात सलग तीनदा अळ्या सापडल्या, तर तिची बदली सिंदी मेघेला. तिनं पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं. अळ्या होत्याच; पण पाण्यावर आडव्या पडलेल्या. या गल्लीतल्या कुलरांत डेंगूच्या डासाच्या सापडायच्या, तिरप्या लटकणाऱ्या. आडव्या, म्हणजे मलेरियाच्या डासाच्या, तिनं फक्त शेतातल्या डबक्यांत पाहिल्या होत्या.

"शेत कुठं आहे तुमचं?"

"केळझरले. काऊन?"

आतून त्याची आई, देवकाबाई, ओरडली, "बाटली भरून आणली त्यानं, पोरी! मले म्हणे, मासोळीचं खाद्य हाय. घरात मासोळी कुठं हाय?"

टॉर्च विझला.

"पहिल्या दिवशीच्या खऱ्या होत्या," भूपेंद्र पुटपुटला. "पण कुलर कोरडा दिसला असता, तं तुम्ही दोन मिनिटांत गेल्या असत्या..."

"याच्यापायी माझी बदली होऊन राह्यली. अन् कोणाले मलेरिया झाला असता तं?"

त्याचा चेहरा उतरला. "चूक माही हाय. लिहून देतो साहेबाले."

तिच्या फॉर्मवर त्यानं लिहिलं – अळ्या मी शेतातून आणल्या. 'कारण' या रकान्यापाशी पेन अडलं.

"काय लिहू?"

"खरं हाय ते."

"साहेब वाचतीन ना..."

"वाचू द्या."

त्यानं लिहिलं. तिनं वाचलं... आणि मान वळवली. ही गल्ली तिच्याकडे राहील की जाईल, ते आता साहेबांवर होतं. तिनं पाणी तापलेल्या फरशीवर ओतलं, फडक्यानं टाकी कोरडी केली आणि दारावर पुढची तारीख लिहिली.

"हा तं रविवार हाय! रविवारी तपासणी नसते, मॅडम."

"नसतेच," खडू झटकत गुंजन म्हणाली. "कुलर कोरडा ठेवजो. अन् मॅडम म्हणू नको."