डाव्या मुठीचं माप

आईच्या चष्म्याची दांडी तुटली म्हणून मी त्या दुकानात गेले, नाहीतर त्याची-माझी गाठ पडायचं काही कारण नव्हतं. काउंटरवर कुणीच नव्हतं. एका लाकडी ताटलीत तीन-चार चमचे, एक कंगवा आणि झाकणाची छोटी डबी, सगळं लाकडाचंच. वाट बघता बघता मी एक चमचा उचलला... आणि खाली ठेवायला विसरले.

"तो विकायचा नाहीये." भिंगं घासून पांढरे झालेले हात पुसत तो मागच्या खोलीतून बाहेर आला. "घरी करतो मी, हौस म्हणून. ओळखीच्या माणसांना भेट देतो."

"मग आपली ओळख व्हायला साधारण किती वेळ लागेल?"

बोलून गेले आणि माझेच कान तापले. चार महिन्यांत मी कुणाशी असं बोलले नव्हते. तो हसला नाही. चमचा माझ्या हातात कसा बसलाय, तेच बघत होता.

"कुणासाठी हवाय?"

एवढ्याशा प्रश्नाने माझा बांध फुटला. चार महिन्यांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं आधीच संधिवाताने आखडलेली, अर्धवटच मिटतात, साधा चमचा त्यातून निसटतो. जिने तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं, तिला माझ्या हातून भरवून घेणं सोसत नव्हतं. चार घास झाले की ती तोंड मिटून घ्यायची. वजन नऊ किलोनं उतरलं होतं. महिनाअखेरपर्यंत खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्याने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. सगळं ऐकून म्हणाला, "त्यांच्या डाव्या मुठीत कणकेचा घट्ट गोळा द्या. जमेल तसा दाबू देत. वाळला की मला आणून द्या. बोटांचे खळगे बघून मी चमच्याची मूठ कोरतो."

आईने गोळा हातात घेतलाच नाही. "खेळणी नकोत मला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस मी विनवण्या केल्या. चौथ्या दिवशी ताजा गोळा मळून मी माझ्याच डाव्या मुठीत दाबला. हलकेच, आईने दाबला असता तसा. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एकाच्या नमुन्यावर दुसऱ्याचं नाव घालणं याहून मोठं पाप आमच्याकडे नाही, आणि ते मी धडधडीत केलं. आईसाठी केलं, असं मी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर रिकाम्या हाताने त्या दुकानाची पायरी चढवेना... आणि न चढताही राहवेना.

अकरा दिवसांनी चमचा तयार झाला. "धरून बघा," तो म्हणाला, आणि मी वेडीने तो डाव्या हातात घेतला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत प्रत्येक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं. मी चटकन हात उघडला, पण त्याने पाहायचं ते पाहिलं होतं.

"ही मूठ कुणाची आहे?"

"...माझी."

त्याने चमच्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे अकरा संध्याकाळी मी तुमचा हात हातात घेऊन बसलो होतो. आणि मला पत्ताच नाही!"

एरवी मी लाजले असते. पण त्याचा चेहरा उतरला होता. "आईंचा हात राहिलाच की हो," तो हळूच म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रागवा तरी माझ्यावर."

"रागावलोय. रविवारी घरी येऊ का?"

रविवारी तो एक जाडसर ओबडधोबड दांडा आणि पॉलिशपेपर घेऊन आला. आईच्या खाटेजवळ जमिनीवरच बसला. चमच्याचं नाव काढलं नाही.

"काकू, एक मदत हवी होती. दिवसभर भिंगं हाताळून माझ्या बोटांना बारीक खडबड कळेनाशी झालीय. तुमची बोटं कापडावर फिरलेली. कुठे टोचतंय तेवढं सांगाल?"

"डाव्या हाताला काय कळणार?"

"माझ्यापेक्षा जास्तच कळेल."

आईची बोटं दांड्यावर हळूहळू सरकली, अडखळली, थांबली. "इथे." त्याने तिथे घासलं. "आणि हे काय? इथे केवढा जाड ठेवलायस! कापणाऱ्याने आधी नीट बघू नये?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. स्वयंपाकघराच्या दाराआड मी तोंडावर हात धरून उभी होते. आई कुणाला झापतेय, हे झटका आल्यापासून मी प्रथमच ऐकत होते.

मग दुकान बंद झालं की तो रोज यायला लागला. आई चुका काढायची, तो घासायचा. लाकडाचा भुसा चादरीवर सांडायचा आणि मी तो झटकायचा आव आणत तिथेच घोटाळायचे.

"चष्मेवाल्याला वाटतं मला काही कळत नाही," एकदा आई म्हणाली. "माझ्याच मुठीचं माप घेतोय, लबाड."

"मग तू गप्प का?"

"तो माझी कीव करायला येत नाही. मला कामाला लावतो." आणि जरा थांबून, "तू मात्र दार उघडायच्या आधी केस कशाला विंचरतेस?"

मी चादरीवरचा भुसा झटकायला घेतला.

एका संध्याकाळी जिन्यात तो म्हणाला, "उद्या शेवटचा हात फिरवला की झालं."

"आणि मग?"

"मग काय... काम संपलं." तो पायऱ्यांकडे बघत होता. मला रडू कोसळेल असं वाटलं. उद्या आई जेवेल की नाही, याची काळजी करायची सोडून हा परत येईल की नाही, यातच माझा जीव अडकला होता, आणि त्याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आईला आम्ही खुर्चीत बसवलं. समोर वाटीभर मऊ भात, आणि टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं. आईने नवा चमचा उचलला. निसटला नाही... पण वाकडा झाला, आणि घास मांडीवर सांडला. मी उठायला गेले. टेबलाखाली त्याचा हात माझ्या हातावर आला.

"बसा," तो कुजबुजला.

दुसरा घास हनुवटीला लागला. तिसरा तोंडात गेला. आईच्या कपाळावर घाम आला होता, पण तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती सांडत होती, थांबत होती, पुन्हा भरत होती. दर वेळी मी उठू पाहायचे, दर वेळी तो हात घट्ट व्हायचा. तेवढी वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली. माझे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचंही मला सुचलं नाही.

शेवटी आईने स्वतःच चमचा खाली ठेवला.

"झालं. आता हात सोडलास तरी चालेल, चष्मेवाल्या. ती काही उठत नाही."

तो मानेपर्यंत लाल झाला. पण हात सोडला नाही. माझ्याकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "सोडू?"

"नको," मी म्हणाले. आईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "मला तुम्ही आवडता. काम संपलं तरी यायचं... रोज यायचं."

"यायचंच होतं मला," तो म्हणाला. "कारण सापडत नव्हतं."

आईने बोटांनी रिकामी वाटी आमच्याकडे सरकवली.

"बोलणं झालं असेल तर अजून थोडा भात वाढा कुणीतरी," ती म्हणाली. "भूक आहे मला."

आम्ही दोघंही एकदमच उठलो.