कोपऱ्यावरच्या दोन घंट्या

उभ्या व्हॅनचं दार अचानक उघडलं आणि तिच्या सायकलपुढे जणू भिंतच उभी राहिली.

तिनं ब्रेक दाबले, हँडल वळवलं, आणि मागून कुणी येत नव्हतं म्हणून बरं — नुसती रस्त्यावर बसली. कोपर खरचटलं. व्हॅनमधून एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण घाईघाईनं उतरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अहो, लागलं का? मला... मला तुम्ही दिसलाच नाहीत!"

तिनं स्वतःकडे पाहिलं. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक पिवळं जॅकेट, सायकलला पुढे दिवा, मागे दिवा.

"आणखी काय करू? बँड लावून येऊ?"

"बँड मी लावतो," तो गडबडून म्हणाला. "म्हणजे... माझं कामच ते. समारंभांना माईक, स्पीकर..."

तिला हसू येत होतं, पण ते इतक्या स्वस्तात द्यायचं नाही असं तिनं ठरवलं.

"दार कुठल्या हातानं उघडलंत?"

"उजव्या. दाराजवळचा तोच ना!"

"बसा आत. आता डाव्यानं उघडा."

तो निमूटपणे आत बसला. डावा हात दारापर्यंत न्यायचा तर अंग वळवावं लागलं, अंगाबरोबर मान वळली, आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर गेली. तिथं कोपर फुंकत ती उभी होती.

"काय दिसलं?"

"तुम्ही..."

"हेच मघाशी दिसायला हवं होतं. आणि डोळे तपासून घ्या. पुढच्या चौकात चष्म्याचं दुकान आहे, तिथे मीच तपासते."

त्याच दुपारी तो दुकानात हजर! तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत तिनं त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला. त्यानं सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "बघायची सवय तेवढी नाही."

"सवय लावता येते का?"

"त्याचा नंबर नसतो..."

"मग रोज यावं लागेल."

आणि बेटा खरंच येऊ लागला. एकदा गॉगल घेतला. मग त्या गॉगलचा स्क्रू ढिला झाला, काडी वाकली, पुन्हा स्क्रू ढिला झाला. इतका नाजूक गॉगल आपण विकलाच कसा, याचं दुकानाच्या मालकीणबाईंना फार आश्चर्य वाटे. गॉगल त्याच्या नाकावर नीट बसवताना तिची बोटं क्षणभर त्याच्या कानामागे रेंगाळत, आणि मग काचेवर नसलेला डाग ती उगीच पुसत राही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

दुकान बंद झालं की तो तिच्या सायकलबरोबर थोडं अंतर चालत येई. एका संध्याकाळी तो तिच्या घराजवळच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथं तिनं सायकलची घंटा वाजवली. दोनदा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कुणाला वाजवलीस?"

"घरच्यांना. कोपऱ्यावर आले की दोन घंट्या. म्हणजे — आले, नीट आले."

मग तिनं दादाची हकिकत सांगितली. तिचा मोठा भाऊ असाच कामावरून सायकलनं परतत होता, आपल्या बाजूनं, दिवा लावून. मेजवानीहून निघालेल्या एका गृहस्थांनी त्याला उडवलं. माणूस सभ्य होता. इस्पितळात रडला. पुन्हा पुन्हा सांगत राहिला की दोनच ग्लास घेतले होते, शुद्धीत होतो. दादाचा पाय काही सरळ झाला नाही. आता तो ओसरीत बसून लोकांच्या सायकलींची चाकं सरळ करतो. अजूनही संध्याकाळ झाली की आई आणि तो बोलता बोलता गप्प होतात, आणि घंटा ऐकली की पुढचं बोलतात.

त्यानं सायकलच्या घंटेवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाला, "उद्यापासून मीपण थांबून ऐकत जाईन."

त्या रात्री तिला झोप आली नाही. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिनं मुकाट्यानं मान्य केलं.

पुढच्याच आठवड्यात मालकीणबाईंनी दुकानाच्या वाढदिवसाचं जेवण ठेवलं. बाग, टेबलं, गाणी, आणि माईकवर अर्थातच तो. जेवणं आटोपली, त्यानं वायरी गुंडाळल्या, स्पीकर व्हॅनमध्ये चढवले. बारीक पाऊस सुरू झाला होता.

"सायकल मागे टाकतो. सोडतो तुला," तो म्हणाला, आणि सायकल उचलायला वाकला. तेव्हा तिला वास आला.

"किती घेतलेस?"

"अगं, एकच! आमच्या कामात असंच असतं. सामान आवरलं की यजमान ग्लास पुढे करतात. नाही म्हटलं की रुसतात."

"किल्ली दे."

"मी काय झिंगलोय का? सरळ रेघेवर चालून दाखवू?"

"त्या माणसालाही असंच वाटत होतं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही..."

"तुझ्यावर आहे. ग्लासावर नाही." तिचा हात पुढेच होता. "कुणीतरी कोपऱ्यावर घंटा वाजवायला निघालं असेल रे. ती मी असेन, नाहीतर दुसऱ्या कुणाची बहीण असेल. दे."

त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, पाठ फिरवली आणि पावसात पायी चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही. ती भिजत घरी आली. कोपऱ्यावर घंटा वाजवली, पण त्या दिवशी तिला घरात जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याचा मदतनीस दुसऱ्या किल्लीनं व्हॅन घेऊन गेला, एवढंच कळलं. तिच्याकडची किल्ली एका रिकाम्या चष्म्याच्या डबीत पडून राहिली. दुकानाचं दार वाजलं की तिची मान वर होई, आणि कुणीतरी वाचायचा चष्मा मागत उभं असे. आपलं चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही. पण त्यानं रडू थोडंच थांबतं! मालकीणबाईंनी एकदा हळूच विचारलं, "गॉगल बरा झाला वाटतं?" आणि तिचा चेहरा पाहून जीभ चावली.

असे किती दिवस गेले, तिनं मोजले नाहीत. एका सुट्टीच्या संध्याकाळी ती ओसरीत बसून वाटाणे सोलत होती. आई कपड्यांच्या घड्या करत होती, दादा एका चाकाची तार ताणत होता. तेवढ्यात कोपऱ्यावर घंटा वाजली.

दोनदा.

दादाचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू तर इथे आहेस."

वाटाणे सांडले. ती फाटकाशी पोचली तेव्हा एक जुनी सायकल डुगडुगत येत होती. वर हेल्मेट, पिवळं जॅकेट, आणि त्यात तो. उतरताना जवळजवळ पडलाच.

"हे काय सोंग?"

"आधी ऐक," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दिवशी रागानं घरी चालत गेलो ना... वाटेत पदपथाची कड दिसली नाही. सपशेल आपटलो. माझे डोळे! तूच ठणठणीत म्हणालेलीस. एकाच ग्लासात कड दिसेना, तर रस्त्यावरचं माणूस काय दिसणार होतं?" त्यानं पँट वर करून गुडघा दाखवला. खपली अजून होती. "तोंड दाखवायची लाज वाटली. मग ही सायकल घेतली. रोज चालवतोय. प्रत्येक उभ्या गाडीजवळून जाताना छाती धडधडते गं... तू रोज अशी येतेस?"

"रोज."

"कानाला खडा लावलाय. यजमानांना सांगतो, ग्लास नको, केक बांधून द्या. वजन वाढलंय माझं."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. आतून डबी आणून तिनं किल्ली त्याच्यापुढे धरली.

"तुझ्याकडेच राहू दे ना," तो म्हणाला.

"मी तुझी पहारेकरीण नाही. तुझी किल्ली तूच सांभाळ."

"मग तू काय सांभाळशील?"

"...तुला. जमलं तर."

"मला तू आवडतेस," तो एकदम म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की माईकवाल्याला माईक लागला नाही. आईनं घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

दादा काठी टेकत फाटकापर्यंत आला. त्यानं आधी सायकलचं मागचं चाक फिरवून पाहिलं, ते वाकडं फिरत होतं; मग पाहुण्याकडे पाहिलं.

"घंटा तू वाजवलीस?"

"हो दादा. वाजवायला नको होती का?"

"एकदा वाजवलीस ना," दादा म्हणाला, "आता रोज वाजवावी लागेल. नाही वाजली तर आमचा जीव टांगणीला लागतो."

मग तो आईकडे वळून म्हणाला, "आई, चहा एक कप वाढव," आणि ते वाकडं चाक सरळ करायला सायकल ओसरीत ढकलत घेऊन गेला.