अर्धं पाणी उरलं की मागं

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या पाठीवर बारा किलोंचं ओझं आहे असं समजा. पायाखाली दगडगोटे, डोक्यावर एप्रिलचं ऊन आणि चहूकडे चिटपाखरू नाही. पाणी किती उरलं ते तुम्हीच बघायचं, वाट तुम्हीच शोधायची. भीती वाटली? वाटू द्या. साधनालाही वाटली होती. डोळे एवढ्यात उघडू नका, तिच्याबरोबर चला.

साधना न्हावऱ्याची. वय वर्षं सतरा, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. जूनच्या दोन तारखेला तिला अठरा पूर्ण होणार होती आणि त्यानंतर लगेच तिला हिमाचलात जायचं होतं. तिथल्या तेरा हजार फुटांवरच्या एका खिंडीपर्यंत पाच दिवसांची चाल. सॅक पाठीवर घेऊन, एकटीनं!

आता न्हावऱ्यात उंच असं काय आहे? पाण्याची टाकी. बाकी जिकडे बघावं तिकडे ऊस नि कांदा, तळहातासारखी सपाट जमीन. पण साधनानं ठरवलं होतं. शिरूरच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीची सॅक तिनं मागून आणली. बर्फात घालायचे कपडे अजून मिळाले नव्हते, म्हणून सॅकमध्ये बारा किलो कांदे भरले आणि रोज पहाटे ती कालव्याच्या भरावावरून चालायला लागली. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर.

एके दिवशी समोरून मोटारसायकलवर हौसराव आले. गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे संचालक आणि साधनाच्या वडिलांचे मित्र.

"काय गं, कांदं मार्केटला पायीच चालीवलंस व्हय? टेम्पो भेटला न्हाई?"

"काका, कांदं बाजार बघून परत येत्यात. घरीच ऱ्हात्यात."

"आन् हिमालय?"

"तिथनं आल्यावर सांगते."

हौसराव हसत गेले. पोरगी थांबली नाही.

घरात तिची एक वही होती. तिच्यात रोजचं अंतर, मुक्कामाच्या जागा, परवानग्या, औषधं, प्रत्येक वस्तूचं वजन, सगळं लिहिलेलं. आजोबा ज्योतिबांनी, म्हणजे आबांनी, आपली काळी घोंगडी आणून सॅकवर ठेवली. आबांनी तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंतचे घाट पायी तुडवले होते. त्या घोंगडीनं त्यांना पाऊस, थंडी, सगळ्यातून तारलं होतं. साधनानं ती कांदे तोलायच्या काट्याला लटकवली.

"तीन किलो दोनशे! आबा, न्हाई जमणार."

"आगं, ही घोंगडी म्हंजी..."

"तुमच्यासंगं घोडं व्हतं आबा. माझ्यासंगं मीच हाय."

आबांनी घोंगडी उचलली. जाताना मिशीतल्या मिशीत हसले, ते साधनाला दिसलं नाही.

वडील हनुमंतराव मात्र हसणाऱ्यातले नव्हते. साधना त्यांना दादा म्हणायची. त्यांनी एका संध्याकाळी अट घातली.

"कासुर्डीत तुझी आत्या हाय. तिच्या घरामागचा डोंगर एकटीनं वलांडायचा. पुरं ओझं घिऊन. सकाळी सहाला निघ. बारा वाजंपतूर पल्याडच्या पाझर तलावावर पोच. मी तिथं थांबतो. पोचलीस तर हिमाचलात जा. न्हाई पोचलीस, तर तिकीट रद्द. पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

"कबूल," साधना म्हणाली.

त्या रात्री तिनं वहीत कासुर्डीच्या डोंगराचं पान लिहिलं. पाणी चार लिटर. शेवटची ओळ तिनं दोनदा गिरवली: अर्धं पाणी उरलं आणि अर्धी वाट झाली नसेल, तर मागं. शिखर हाताशी दिसलं तरी मागं.

ठरल्या दिवशी सहाला सुषमा आत्यानं तिला चहा पाजला आणि ती निघाली. पहिले दोन तास झकास गेले! खाली हायवेवरच्या ट्रकांचा आवाज हळूहळू विरत गेला. वाळलेल्या गवताचा वास यायला लागला, एक ससा पायाजवळून सुसाट पळाला, आणि वर, खूप वर, खिंडीतला भगवा झेंडा वाऱ्यावर हलताना दिसला. तिथून पुढं डोंगराची लांबलचक सोंड आणि मग तलावाकडचा उतार.

आठ वाजता वाटेला फाटा फुटला. उजवीकडे दगडांवर वाट दाखवणारे चुन्याचे ठिपके होते, पण वाट अरुंद आणि काट्याकुट्यांची. डावीकडे मात्र मेंढरांची वाट. खुरांनी तुडवून गुळगुळीत झालेली, थेट वर जाणारी.

साधना मनाशी हसली. मेंढक्याची नात ती! चुन्याचे ठिपके बघत जायला ती काय पुण्याची पाहुणी होती? ती डावीकडे वळली.

इथंच चुकलं, बाळांनो. मेंढरं गवतासाठी चढतात. गवत संपलं की त्यांची वाटही संपते. पाऊण तासानं साधनाची वाटही संपली. समोर कडा. खाली घसारा, म्हणजे मुरूम आणि सुट्या दगडांचा तीव्र उतार. आडवं गेलं तर तो ओलांडून पुन्हा मूळ वाटेला लागता येईल, असं तिला वाटलं.

तिनं एक पाय टाकला. टिकला. दुसरा टाकला. मुरूम सरकला!

ती बसकण मारून घसरत निघाली. दगड खडखडत सुटले. सॅक एका बोराटीच्या झुडपात अडकली, हिसका बसला, ती थांबली. कडेच्या कप्प्यातली भरलेली बाटली मात्र निसटली. एक उडी, दोन उड्या... आणि मग आवाजसुद्धा आला नाही.

तळहात सोलले होते. गुडघ्यातून रक्त येत होतं. साधना पाच मिनिटं हललीच नाही. फक्त श्वास मोजले. मग सॅक सोडवली आणि बूड टेकत, टाच रोवत, आल्या मार्गानं इंचाइंचानं मागे आली.

फाट्यावर पोचली तेव्हा दहा वाजले होते. तिनं पाणी बघितलं. लिटरची एक बाटली पिऊन झालेली. एक दरीत. उरलं दोन लिटर. बरोबर अर्धं. आणि वाट? अर्धीसुद्धा झाली नव्हती.

वर झेंडा हलत होता. पळत गेलं तर बारापर्यंत पोचता येईल! एवढ्या लांब सोंडेवर सावलीचं झाड नाही, पण पोचता येईल. दादा वाट बघत असतील. हौसरावकाका तर आधीच हसायला बसले असतील. ती उठली. चुन्याच्या वाटेवर वीस पावलं गेली.

मग थांबली. झेंड्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बोलावू नकोस! वही माझी हाय. मी लिवलंय."

तिनं दादांना मेसेज केला: मागे फिरतेय. लागलंय थोडं, पण ठीक आहे. बारापर्यंत कासुर्डीत. आणि पाठ फिरवली.

पावणेबाराला ती आत्याच्या अंगणात आली तेव्हा जीप आधीच उभी होती. मेसेज बघून दादा, आबा आणि हौसराव तलावावरून डोंगराला वळसा घालून रस्त्यानं आले होते.

"आली का हिमालयकन्या!" हौसराव म्हणाले. "कासुर्डीच्या टेकाडानं माघारी धाडली."

"टेकाडानं न्हाई काका. मी माझी फिरले."

"एकच की ते."

"एकच असतं तर मी आता तिथं वर पडले असते, आन् तुमी शोधत फिरला असता. या उन्हात!"

आत्या फिस्सकन हसली. दादा हसले नाहीत. "बारा ठरलं व्हतं, साधना. शब्द म्हंजी शब्द."

आबा इतका वेळ सावलीला बसून होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते पान साधनानं त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी वही मागितली आणि तिच्याच हातात परत दिली. "वाच. शेवटची वळ."

तिनं वाचली. आबा मुलाकडे वळले.

"हनुमंता, तू तवा पाळण्यात व्हतास. कोकणातनं माघारी येत व्हतो. घाट चढताना कळलं, वरचं टाकं आटलंय. बाप म्हनला, फिर. मागचे तांडे हसतील म्हून मी न्हाई फिरलो. चौदा मेंढरं चढावर पडली तहानेनं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "फिरलो असतो तर लोकं चार दिस हसली असती आन् गप बसली असती. मेंढरं काय परत आली न्हाईत."

हौसरावांनी टोपी काढून उगाच झटकली.

"तरी पण..." दादा म्हणाले.

"दादा, तुमची अट मोडायला सांगत न्हाई मी," साधना म्हणाली. "परवा पुन्ना जाते. सहाला. बारालाच पोचते. तंवर तिकीट ठेवा."

दादांनी तिच्या सोललेल्या हातांकडे बघितलं. "परवा? या हातांनी?"

"चालायचं पायांनी हाय."

दादा हो म्हणाले नाहीत. पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसरा दिवस तयारीत गेला. घोड्यावर हंडे बांधायची सरकगाठ आबांनी शिकवली आणि साधनानं सगळ्या बाटल्या सॅकला तशा आवळल्या. पाणी पाच लिटर केलं. वहीत एक ओळ वाढली: मेंढरांच्या वाटेनं जायचं नाही, आपण मेंढरू नाही.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता ती फाट्यावर होती. चुन्याच्या वाटेनं गेली. काटे ओरबाडत होते, तरी गेली. साडेनऊला खिंडीतल्या झेंड्याखाली उभी राहून ती चार घोट पाणी प्यायली, एवढंच. सोंड तव्यासारखी तापली होती. सावली नाही, थांबणं नाही, फक्त पाऊल, पाऊल, पाऊल! मग उतार. मग तलावाची चकाकी.

अकरा वाजून वीस मिनिटं!

दादा वडाखाली एकटेच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. पुढं झाले आणि तिच्या खांद्यावरची सॅक घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

जीप रस्त्यावर, अजून अर्धा किलोमीटर लांब होती.

"आण हिकडं," दादा म्हणाले. "दमलीस."

साधनानं पट्टे घट्ट ओढले. "ऱ्हाऊ द्या, दादा. तिथं हिमाचलातल्या खिंडीत कोण घेणार हाय?"

आणि ती त्यांच्या पुढं चालू लागली.