भातशेतातली फीत

"थांबा रे! ही कॅसेटची फीत न्हाय!" संघप्रियाने करकचून ब्रेक दाबला. मागून येणारा यशराज तिच्या सायकलवर आदळता आदळता वाचला.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं कळंबा तलावाकडे निघाली होती. वाटेतल्या भातशेतात पाखरं हाकलायला काठ्यांना तपकिरी फिती ताणल्या होत्या आणि वाऱ्यावर त्या भुंग्यासारख्या गुणगुणत होत्या. कॅसेटच्या फिती सगळेच लावतात, पण ही चांगलीच रुंद होती.

"आकारामआजोबांच्या रिळांची हाय ही!" स्वप्नाली ओरडली.

आकारामआजोबा त्यांच्या गल्लीतले जुने रेकॉर्डिस्ट. त्यांचं रिळांचं मशीन अजून चालायचं, रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर धुळीचा कण नसायचा. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची रिळांची दोन खोकी नाहीशी झाली. एका रिळात त्यांच्या बायकोच्या, बयाबाईआजींच्या, ओव्या होत्या. आजी जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. "बाबांनीच कुठंतरी ठेवली असतील, विसरलेत," असं त्यांचा मुलगा विजयसिंह गल्लीभर सांगत होता. काही हरवलं की म्हाताऱ्यांच्या माथी खापर फोडणं मोठ्या माणसांना फार सोपं जातं!

शेतवाले जोतीरामकाका बांधावरच भेटले. "भंगारवाल्याकडनं आणली की! दोन खोकी हुती. पाखरू फिरकत न्हाय बघा!"

"त्याला कुणी दिली?" यशराजने विचारलं.

"ते मला काय ठावं?"

घरातली खोकी घरच्याच कुणीतरी दिली असणार, हे ओळखून संध्याकाळी स्वप्नाली साळसूद चेहरा करून विजयसिंहकाकांसमोर उभी राहिली. बाकीच्या दोघांनी आजोबांना दाराआड आणून ठेवलं होतं.

"काका, त्या रिळांची अजून खोकी हाईत काय? जोतीरामकाकांना पाखरांसाठी पायजेत."

"न्हाईत गं! दोनच हुती, रंगकामाच्या वेळी देऊन टाकली," काका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "बाबांना सांगू नको म्हंजे झालं!"

"कळलं मला," आजोबा दारातून म्हणाले. काकांचा मोबाइल हातातून पडला!

दुसऱ्या दिवशी तिघांनी शेतातली सगळी फीत गोळा केली. जोतीरामकाकांनी स्वतः काठ्या उपटून दिल्या. पण उन्हाने आणि दवाने फितीवरचा आवाज धरणारा थर झडला होता, आणि तिचे शेताच्या रुंदीएवढे तुकडे झाले होते. आजोबा दोन दिवस ते चिकटपट्टीने जोडत बसले. एकही जोड वाकडा गेला नाही.

मशीन सुरू झालं. खरखर. पुन्हा खरखर. आणि अचानक एक तरुण, तापट आवाज आला, "गप्प बस गं जरा! मशीनचा आवाज लावू दे की मला!"

तो आजोबांचाच आवाज होता! मग बांगड्या किणकिणल्या, कुणीतरी गाण्यासाठी श्वास घेतला, आणि तिथेच जोड आला. पुढे शेवटपर्यंत खरखरच.

गल्लीने पोरांचं फार कौतुक केलं. "डिटेक्टिव्हच हाईसा की रं!" विजयसिंहकाकांनी पेढे वाटले. संघप्रियाने पेढा हातातच धरून ठेवला. आजींची एकही ओवी हाती लागली नव्हती, आणि तिला सगळ्यांचा भयंकर राग आला होता.

"शाब्बास, पोरांनो. लई केलंसा," आजोबा म्हणाले. मग त्यांनी फीत मागे घेतली, आणि स्वतःचं ते ओरडणं पुन्हा ऐकायला बसले.