कोठारातली मशाल

कारवीगडाच्या पूर्वेच्या कड्यावर उजेड चढू लागला तेव्हा खालचे खोरे भाद्रपदातल्या धुक्यात बुडालेले होते, माचीवरचे गवत दहिवराने वाकले होते, आणि ज्या निशाणकाठीवर तीन पिढ्या सूर्योदयाबरोबर भगवे निशाण चढत आले होते ती काठी आजही, सलग बेचाळिसाव्या दिवशी, उघडीच उभी होती. निशाण चढवायचे ते गादीवरच्या राजाच्या नावाने, आणि गादी रिकामी होती. राजे हैबतराव बालेकिल्ल्यातल्या एका खोलीत कैदेत होते. त्यांना तिथे नेऊन बसवणाऱ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती की, दसऱ्याला दत्तक राजपुत्र गादीवर बसेपर्यंतच आपण कारभार पाहू, पुढे एक दिवसही नाही. गडकऱ्यांनी ती शपथ ऐकून घेतली. विश्वास ठेवला असे मात्र कोणी म्हणू नये.

हे कारभार पाहणारे तिघे. कारभारी लखमोपंत, ज्यांचा आवाज कधी चढत नसे आणि म्हणूनच ज्यांची सगळ्यांना धास्ती वाटे. सरनोबत सुभानजी ढमाले, ज्यांच्या हाती फौज आणि गडाचे दरवाजे. आणि तिसरे चिटणीस गोमाजी प्रभू, ज्यांच्यासारखे मोडी अक्षर त्या मुलखात दुसऱ्या कोणाचे नव्हते. राजाला गादीवरून उतरवले ते तलवारीने नव्हे. गोमाजींनी लिहिलेल्या महजराने. महजर म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्या घेऊन भरसदरेत केलेला निवाडा. एकदा त्याच्या तळाशी मोर्तबाचा शिक्का उठला की तो खोटा म्हणण्याची कोणाची छाती होत नसे. त्या महजरात म्हटले होते की राजाच्या मर्जीतल्या मंडळींनी गडावरची चांगली दारू, म्हणजे तोफेची बारूद, गनिमाला विकली आणि कोठारातल्या थैल्यांत कोळशाचा भुगा भरला.

राजा गेला, मर्जीतली मंडळी परागंदा झाली. आणि आठ दिवसांपूर्वी, पोळ्याच्या सलामीला, तोफेला बत्ती दिली तर ती फुसकन धूर सोडून गप्प बसली.

त्या दिवसापासून गडावर कोणी कोणाच्या घरचे पाणी पिईना. सरनोबतांनी दरवाज्यांवर दुप्पट पहारे ठेवले, ते आतल्यांसाठी की बाहेरच्यांसाठी हे त्यांनाच ठाऊक. कारभाऱ्यांची माणसे पहारेकऱ्यांवर नजर ठेवीत आणि पहारेकरी त्या माणसांवर. कोणी म्हणे दारू ढमाल्यांनी खाल्ली, कोणी म्हणे पंतांनी. गोमाजी प्रभूंचे नाव कोणी घेत नसे, कारण त्यांच्याजवळ खाण्यासारखे काही नव्हतेच. दौत होती, लेखणी होती आणि मोर्तबाचा शिक्का होता.

त्या सकाळी लखमोपंत स्वतः चिटणिसांच्या दारी आले. मागे कारकून, कारकुनाच्या हाती गुंडाळी.

"प्रभू, दारूखान्याचा दरोगा जैतोजी सुर्वे याच्या लबाडीचा महजर सिद्ध आहे," पंत मृदू आवाजात म्हणाले. "पाच साक्षीदारांच्या निशाण्या झाल्या. दोन प्रहरी सदरेत वाचावा, आपण मोर्तब करावे, आणि तिसऱ्या प्रहरी दरोग्यास पश्चिमेच्या कड्यावरून लोटावे, असा विचार आहे."

"दरोगा एकट्याने इतके करील?"

"नाही करणार. कड्यावर उभा केला म्हणजे कोणाच्या सांगण्यावरून केले ते नाव तो घेईल." पंत किंचित हसले. "मोठे नाव असेल. आपण सावध असावे."

नाव कोणते हे गोमाजींनी विचारले नाही. ज्यांचे ते नाव, ते सरनोबत शेजारच्याच वाड्यात राहत होते आणि त्यांच्या फौजेचे भाले ओसरीवरून दिसत होते.

पंत गेल्यावर त्यांनी गुंडाळी उलगडली. तळाशी साक्षीदारांनी आपापल्या धंद्याच्या निशाण्या काढल्या होत्या: कुणब्यांचे दोन नांगर, वाण्याचा तराजू, शिपायाची कट्यार, लोहाराचा हातोडा. वर मजकूर. वाचता वाचता गोमाजी एका ओळीपाशी अडले. 'दिवसाही अंधारे असे कोठार, त्यात मशालीच्या उजेडात थैल्या उसवून कोळसा भरताना आम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिले.' वाक्य ठसठशीत होते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहावे असे होते. आणि ते गोमाजींचे स्वतःचे होते. राजाविरुद्धच्या महजरात, पंतांनी तोंडी सांगितलेल्या हकिकतीला जरा उठाव यावा म्हणून, त्यांनीच ते घातले होते. कारकुनाने जसेच्या तसे उतरवून घेतले होते, फक्त राजाच्या मंडळींच्या जागी दरोग्याचे नाव घालून.

गोमाजी प्रभूंनी आयुष्यात दारूकोठार पाहिले नव्हते. लेखणी चालवणाऱ्याला तिथे काय काम? पण आज त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी पागोटे घातले आणि ते निघाले.

कोठार गडाच्या उत्तर टोकाला, वस्तीपासून दूर, खडकात अर्धे खोदलेले. दाराशी दोन पहारेकरी आणि त्यांच्यामध्ये, हात बांधलेला, जैतोजी दरोगा. पन्नाशीचा, भुवया भाजलेल्या, बोटे कायमची काळी. चिटणिसांना पाहून तो उठू लागला.

"बसा, दरोगे. मला कोठार पाहायचे आहे."

"बघा की जी. पर जोडा हितंच काढा. कमरंची कट्यारबी ठेवा भाईर. लोखंड आत चालत न्हाई."

"का?"

जैतोजीने त्यांच्याकडे असे पाहिले की चिटणिसांना आपण लहान पोरासारखे काही विचारले असे वाटले. "लोखंड दगडावर घासलं, ठिणगी उडाली, तर गडाचं ह्ये टोक खोऱ्यात जाईल. आमचं माप तांब्याचं, मोगरी लाकडाची, कुलूप पितळंचं. आन् पाय अनवाणी."

गोमाजी दारात उभे राहिले. आत गुडुप अंधार होता. एका उंच झरोक्यातून बोटभर उजेड येत होता, बस्स.

"मग तुम्ही आत पाहता कसे?"

"बगायचं कशाला? बोटांला कळतं. दारूतला सोरा कंचा, कोळसा कंचा, कंची थैली भिजली."

"आणि मशाल?"

जैतोजी खदखदून हसला. मरायला निघालेला माणूस इतके मोकळे हसतो हे पाहून पहारेकरीही चपापले. "चिटणीस, मशाल घिऊन आत ज्यो जाईल, त्यो साक्ष द्यायला भाईर येईल व्हय? राजाच्या महजरात ही गोष्ट ऐकली तवाच हसू आलं हुतं मला. दाबलं."

"दाबले का? तेव्हाच का बोलला नाहीत?"

आता दरोगा हसेनासा झाला. "मलाबी त्यो राजा नको हुता, जी. चार येळा सदरंवर जाऊन सांगितलं, सोऱ्यात मीठ हाय, दारू पेट घेनार न्हाई. थंड लागाय पायजे जिभंला, ह्यो खारट लागतोय. ऐकून घेतलं न्हाई. म्हनलं, जातोय तर जाऊ दे. सोरा पुरवनारा पंतांचा जावई. तवाबी त्योच, आत्ताबी त्योच."

त्याने बांधलेल्या हातांनी दाराजवळच्या सोऱ्याच्या थैलीतली चिमूट काढून पुढे केली. गोमाजींनी ती जिभेवर ठेवली. खारट होती. आमटीत घालावी इतकी खारट.

गोमाजी प्रभू परत निघाले. दरोगा निर्दोष होता हे त्यांना कळले, आणि त्याला वाचवायचा एकच मार्ग होता हेही. ते वाक्य खोटे म्हणायचे. पण ते वाक्य खोटे, तर पहिला महजर खोटा. पहिला महजर खोटा, तर राजाची कैद खोटी, हे तिघांचे राज्य खोटे, आणि सगळ्यांत आधी ते लिहिणारा खोटा. त्यांना भीती वाटली. लाज त्याहून जास्त वाटली.

दोन प्रहरी सदर भरली. लखमोपंतांच्या मागे त्यांचे कारकून, सुभानजींच्या मागे त्यांचे भालेकरी, आणि दोन्हीकडच्यांचे डोळे एकमेकांच्या हातांवर. खाली पाच साक्षीदार आणि गडकऱ्यांची दाटी. जैतोजीला मध्ये उभे केले होते. कारकुनाने महजर वाचला आणि ती ओळ येऊन गेली. सदरेतल्या दहा-वीस गोलंदाजांना तरी तिच्यातली मेख कळली असावी, पण कोणी पापणी हलवली नाही.

"चिटणीस, मोर्तब करावे," पंत म्हणाले.

गोमाजी उठले. शिक्का त्यांच्या मुठीत होता. "मोर्तबापूर्वी एक विनंती आहे, पंत. साक्षीदारांनी मशालीच्या उजेडात पाहिले, ते कोठारात कोणत्या जागी उभे राहून पाहिले?"

लखमोपंतांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी याचीही तयारी ठेवली होती. "हा प्रश्न आपण विचारावा याचे नवल वाटते, प्रभू. हेच वाक्य, याच अक्षरांत, राजाच्या महजरात आपण लिहिले आहे. ते खरे, तर हेही खरे. हे खोटे म्हणत असाल, तर तेही खोटे म्हणावे लागेल. म्हणता?"

सुभानजी ढमाले, ज्यांचा गळा या महजराच्या फासातून सुटू पाहत होता, ते आसनावर पुढे सरकले. पण ते ओरडले ते भलतेच. "चिटणीस! तोंड सांभाळा! राजाच्या महजराला हात लावाल तर याद राखा!" त्यांचीही सरनोबती त्याच कागदावर उभी होती.

"म्हणतो," गोमाजी म्हणाले. "ते खोटे आहे. मी लिहिले, आणि न पाहता लिहिले."

"भ्रम झाला आहे यांना," पंत शांतपणे म्हणाले. "पाच साक्षीदार एकीकडे, आणि घाबरलेले एक चिटणीस एकीकडे."

मग गोमाजी प्रभूंनी जे केले ते त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केले नसेल. सदरेला लागून भैरवाचे देऊळ होते. ते तडक तिथे गेले, कोनाड्यातली मशाल उचलली, नंदादीपावर पेटवली आणि परत आले.

"ठीक आहे. साक्षीदारांनी माझ्याबरोबर चलावे. मशाल मी धरतो. कोठारात जिथे उभे होते तिथेच उभे राहून त्यांनी मला दाखवावे. दाखवले, की तिथेच मोर्तब करतो." आणि ते उत्तरेच्या टोकाकडे चालू लागले.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. मग एक गोलंदाज किंचाळला आणि दाटी फुटली. बाया पोरांना उचलून धावू लागल्या, भालेकऱ्यांनी भाले टाकले. गोमाजी चालतच राहिले. मशालीची राळ त्यांच्या मनगटावर टपकत होती, कातडी सोलत होती, तरी हात खाली येत नव्हता. खरेच आत गेलो असतो का, हे त्यांना पुढे कधीही सांगता आले नाही.

कट्यारीची निशाणी केलेला शिपाई पहिला पळाला. नांगरवाल्यांपैकी एक कुणबी मात्र वाटेतच आडवा पडला. "न्हाई बघितलं, धनी! देवाशप्पत न्हाई बघितलं! पंतांच्या कारकुनानं नांगर काढ म्हनलं, म्या काढला. ती मशाल इझवा!"

"विझवा!" मागून दुसरा आवाज आला, आणि तो कधी न चढणारा आवाज इतका चढला होता की लोकांना ओळखायला वेळ लागला. "प्रभू, विझवा! कोठारात मशाल नेतात का? वेड लागले काय?"

गोमाजी थांबले. मागे वळले. कोठार पन्नास पावलांवर होते.

"हेच," ते म्हणाले, "आपण चारचौघांत बोललात, पंत. सगळ्यांनी ऐकले." आणि त्यांनी मशाल वाटेकडच्या हौदात बुडवली.

जैतोजीचे हात लोकांनीच सोडले. लखमोपंतांना सुभानजींच्या माणसांनी तिथेच धरून दरवाज्यावरच्या चौकीत डांबले, आणि संध्याकाळच्या आत गडाचा कारभार तिघांचा होता तो एकाचा झाला. दिवे लागण्याच्या सुमारास सरनोबतांनी चिटणिसांना बोलावले. जळलेल्या मनगटाची विचारपूस केली, शाल दिली.

"मोठे काम केलेत," सुभानजी म्हणाले. "आता दोन कागद हवेत. एक, राजाच्या महजराबद्दल जे बोललो ते भीतीच्या भरात बोललो, असे आपल्या हातचे. दुसरा, पंतांचा महजर. दारू पंतांनी खाल्ली, गनिमाशी संधान बांधले, आम्हांस विष घालणार होते, सगळे येऊ द्या."

"पंतांचा जावई सोऱ्यात मीठ घालतो, हे मी चाखले आहे. ते लिहितो. विष कोणी पाहिले?"

"तुम्ही लिहा. साक्षीदार मिळतील."

गोमाजींनी शाल घडी करून बैठकीवर ठेवली. शिक्का तिच्यावर ठेवला. "सरनोबत, दुसरा चिटणीस पाहावा."

बालेकिल्ल्यात कैद्यांसाठी दोनच खोल्या होत्या. एकीत राजे होते. दुसरीत गोमाजींना ढकलले. मधल्या भिंतीत हातभर रुंद जाळी होती. पलीकडून, बेचाळीस दिवसांत माणसाशी न बोललेल्या घोगऱ्या आवाजात, कोणीतरी विचारले, "कोण आहे?"

"महाराज, आपला चिटणीस. ज्याने महजर लिहिला तो."

शिव्या येतील, थुंकी येईल, असे गोमाजींना वाटले. यावी असेही वाटले.

"त्यात काही खरे होते का?" राजाने विचारले.

"एकच गोष्ट, महाराज. दारू खराब होती. आपला दरोगा ते सांगायला चार वेळा सदरेवर आला होता."

पलीकडे हैबतराव भिंतीला टेकून खाली बसल्याचा आवाज झाला.

"आला होता," ते म्हणाले. "मला वाटले, पगार वाढवून मागतो आहे."