पुण्याचा शिक्का

"एक मोठा हार हवाय. झेंडूचा."

१९९८चा दसरा. नाशिकरोडच्या बाजारात आबांसोबत मी फुलं घेऊन बसले होते. समोर कडक इस्त्रीचा गणवेश नि कोवळ्या मिशा.

"देवाला की गाडीला?" मी विचारलं.

"तोफेला."

मला हसूच फुटलं. "गळ्याचं माप आणलंय का तिच्या?"

त्यानं गंभीरपणे दोन्ही हात पसरले... मग आणखी थोडे. "एवढी आहे. पण कुणी हसलं की रागावते."

"आणि तुम्ही?"

"मी... मी परत येतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

समाधान त्याचं नाव. सटाण्याकडचा, देवळालीच्या छावणीत तोफखान्यातला जवान. पुढं दर रविवारी तो फुलं न्यायला यायचा. महिन्याभरानं आबांनीच विचारलं, "भाग्यश्री, हा पोरगा एवढी फुलं कोणत्या देवाला वाहतो गं?" फेब्रुवारीत आमचा साखरपुडा झाला. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं.

मे महिन्यात त्याची तुकडी कारगिलला गेली.

निळी अंतर्देशीय पत्रं यायची. सुरुवात ठरलेली – 'बरी शे ना?' इतर वेळी शुद्ध बोलणारा तो, पत्रात मात्र घरच्या अहिराणी बोलीत शिरायचा. चहा ओठांपर्यंत येईस्तोवर गार होतो, असलं काहीबाही लिहायचा. मी आधी तारीख बघायची. बारा दिवसांपूर्वी तो होता... आणि आज?

शेजारच्या सखुबाईंकडे टीव्ही होता. बातम्यांत गेलेल्या जवानांची नावं सुरू झाली, की मी दारातच कान झाकून उभी राहायची. मग हळूच सखुबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची. त्या मान हलवायच्या – नाही. तेव्हा कुठं मी कानांवरचे हात काढायची.

जुलैत पत्रं थांबली. तीन आठवडे काहीच नाही. पोस्टमनची सायकल दारावरून पुढं गेली, की ती वळेपर्यंत मी बघत राहायची.

आणि मग एक पत्र आलं. मी घाईघाईनं उघडलं.

'प्रिय भाग्यश्री, मी कुशल आहे. काळजी नसावी.' खाली त्याचं नाव. पण अक्षर त्याचं नव्हतं.

"आबा, हे त्यांनी लिहिलेलं नाय... ते गेलेत! कुणीतरी आपल्याला फसवतंय."

आबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. मग शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हे कारगिलहून नाय आलं, पोरी. शिक्का पुण्याचा हाय."

"पुण्याचा?"

"तिथं लष्कराचं मोठं हॉस्पिटल हाय." आबा उठले. "चल. चप्पल घाल."

रात्रभर एसटीनं प्रवास करून सकाळी आम्ही पुण्यात उतरलो.

हॉस्पिटलच्या लांबच लांब खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर तो होता. होता! मी तिथंच भिंतीला धरलं. मग दिसलं – उजव्या हाताला मोठं बँडेज, आणि मनगटापाशीच हात संपलेला.

मला बघून त्यानं तोंड फिरवलं. "कुणी सांगितलं तुला?"

"पत्र कुणी लिहिलं?"

"चंदरनं. शेजारच्या खाटेवरचा." त्याचा आवाज बारीक झाला. "खरं लिहायचा धीर नाही झाला. भाग्यश्री, आबांना सांग... साखरपुडा मोडला तरी माझी तक्रार नाही."

"मी तुला मेलेला समजले होते!" मी ओरडलेच. अख्खी खोली आमच्याकडे बघायला लागली. "सबंध रात्र! तुझ्या नावानं कुणीतरी भलताच मला लिहितोय, असं वाटत होतं. आणि तू म्हणतोस, मोडू?"

तो रडायला लागला. डाव्या हातानं डोळे पुसायला गेला, तेही त्याला नीट जमेना. मी पदरानं पुसले. मलाही कुठं जमत होतं.

"उद्या मी कोण असेन गं? तोफ नाही, नोकरी नाही... झोपेतसुद्धा दचकतो मी."

"दचक. मी शेजारी असेन. पण मला खरं सांगत जा. वाईट असलं तरी... खरं."

त्यानं मान डोलावली. त्याची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळली गेली, दुखेपर्यंत. मी हात सोडवला नाही.

आबा बाहेर बाकावर बसले होते. थोड्या वेळानं मी त्यांच्याकडे गेले.

"काय म्हणतो जावई?"

"घाबरलेत, आबा."

"आणि तू?"

"मीपण," मी म्हटलं, आणि परत आत गेले.