उलट्या खिशाची झोळी

"अबे, हे तं माह्या याडीची झोळी आहे!" राखी ढाणकीच्या भर बाजारात ओरडली.

वामनरावांच्या दुकानात 'वामन स्पेशल' म्हणून टांगलेली तसली झोळी मुळात राखीच्या याडीने, म्हणजे आईने, भुरीबाईने स्वतःच्या डोक्याने बनवली होती. कमरेला बांधायची, कापूस वेचून भरली की तळाची दोरी ओढायची. झोळी न सोडताच सगळा कापूस खाली! गेल्याच आठवड्यात हा गृहस्थ "जरा पाहाले द्या" म्हणून एक घेऊन गेला होता. झालं वाटतं पाहून!

"शनिवारी उमरखेडच्या प्रदर्शनात हेच मांडून राह्यला तो," तिचा मित्र ऋतिक म्हणाला. "तिथं निवडली, का डिझाइनची नोंदणी त्याच्याच नावानं! मंग तुही याडी सोताचीच झोळी इकू नाही शकत."

राखीचे डोळे भरून आले.

"रडून कायले राह्यली?" सोबतची मैत्रीण सुरभी फणकारली. "त्या माणसाले सोताचं डोकं आहे का? आपण जे दाखवू, ते जसंच्या तसं उतरवीन!"

सुट्टीच होती. संध्याकाळी राखीने एका झोळीला खिसा शिवला. तोंड खाली, बूड वर! सुरभीने त्याचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी ऋतिक ती झोळी बांधून दुकानापुढून मिरवला, "नवं मॉडेल! खिशातच तं सारी करामत आहे!"

वामनरावांनी गुपचूप फोटो काढला. अक्कल असती तर आधी खिसा पाहिला असता. पण ती काय उधार मिळते?

शनिवारी त्यांच्या टेबलावर झोळ्यांचा ढीग, आणि प्रत्येकीला उलटा खिसा!

"हा कशासाठी?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

"माझं संशोधन आहे, मॅडम! हवा खेळती राहते."

"काका, तुमचा मोबाइल ठेवून दाखवा नं!" सुरभी गोड आवाजात म्हणाली.

वामनरावांनी ऐटीत मोबाइल खालून आत सारला. हात काढला. धप्प! अख्खा मांडव खो खो हसला. मग राखीने सोबत आलेल्या भुरीबाईला पुढे केलं, "झोळी माह्या याडीनं बनवली, मॅडम!" आणि सुरभीने मॅडमना व्हिडिओ दाखवला. त्यात राखी खिसा शिवत होती आणि ऋतिक सांगत होता, "हा खिसा चोरासाठी! खरा मालक असा खिसा लावतच नाही."

"टेलरची चूक..." वामनराव पुटपुटले. चोरी यांची आणि चूक म्हणे टेलरची! शी!

"शाबास, पोरांनो! चोराला त्याच्याच हातून पकडून दिलंत!" मॅडम म्हणाल्या. "बाई, नोंदणी तुमच्या नावाने करू. सांगा नाव."

भुरीबाईने सवयीने नवऱ्याचं नाव घेतलं, "देवीलाल..."

"याडी! बापूचं कायले?" राखी चिडली. "झोळी कोणं बनवली?"

भुरीबाई थबकली. तिने पदर खोचला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "भुरीबाई! लिवा मॅडम, भुरीबाई!"